रसायन सांडले तर आधी मागे सरा

नाशिकच्या वर्तमानपत्रांत ठरावीक साच्याची एक बातमी अधूनमधून येते: औद्योगिक वसाहतीत रसायनाची गळती, काही कामगारांना श्वसनाचा त्रास, अग्निशमन दल दाखल, परिस्थिती आटोक्यात. कारखान्याशी संबंध नसलेल्या वाचकाला ती वाचून प्रश्न पडतो, की ज्या पदार्थांबरोबर माणसे वर्षानुवर्षे काम करतात ते जमिनीवर सांडताच एवढे घातक कसे ठरतात. दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही, पण माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. रसायन सांडले तेव्हा जवळपासही नसलेली, नंतर धावत आलेली माणसे बाधितांमध्ये का असतात?

सांडले की लगेच पुसायचे, ही आपल्या हातांची सवय आहे. हेल्पर झाडू आणतो, सुपरवायझर पाण्याची नळी लावायला सांगतो, कोणीतरी कॉटन वेस्टचा, म्हणजे यंत्रे पुसायच्या सुती चिंध्यांचा बोळा टाकतो आणि मिनिटभरात त्या डबक्याभोवती पाचसहा जण जमतात. रसायनाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी माणसे दूर न्यायची, मग काय सांडले ते कळून घ्यायचे, मग जमल्यास गळती थांबवायची आणि सफाई सर्वांत शेवटी करायची. पुढे जे सांगायचे आहे ते या क्रमामागचे कारण आहे.

कॅनमधले ॲसिड आणि फरशीवरचे ॲसिड

कॅन किंवा ड्रममध्ये असताना द्रवाचा हवेशी संबंध जवळजवळ नसतो. ३५ लिटरचा कॅन आडवा झाला आणि ॲसिड पाच मिलिमीटर जाडीने फरशीवर पसरले, तर ते सात चौरस मीटर जागा व्यापते. कॅनचे तोंड काही सेंटिमीटरचे असते. आता एका लहान खोलीएवढ्या पृष्ठभागावरून वाफ उठू लागते. शिवाय फरशीवर त्या द्रवाची गाठ अशा पदार्थांशी पडते, ज्यांच्यापासून त्याला मुद्दाम वेगळे ठेवले होते: लोखंडाचा कीस, तेल, ओले पोते, शेजारच्या टाकीतून ठिबकलेले दुसरे रसायन.

नाशिक परिसरात असे पदार्थ कोठे नाहीत? सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींतील प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा देण्याच्या शेडमध्ये हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक व क्रोमिक ॲसिड, कॉस्टिक सोडा आणि काही ठिकाणी सायनाइड असते. पेंट शॉपमध्ये थिनर असतो आणि औषधनिर्मितीत नाना प्रकारचे ज्वलनशील द्रावक असतात. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया थंडावा निर्माण करतो. वाइनरी आणि डेअरीसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर वेल्डिंगच्या जागेवरचे डाग काढण्यासाठी पिकलिंग पेस्ट लावतात, आणि त्या पेस्टमध्ये बहुधा नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिडही असते. ज्याला केमिकल कंपनी म्हणतात तेथेच हा धोका आहे, असे समजण्यात अर्थ नाही. कार्यालयाच्या स्वच्छतागृहात टॉयलेट साफ करण्याचे ॲसिड आणि सफाई कामगार ज्याला नुसते हायपो म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट एकत्र ओतले गेले, तर तेथेही क्लोरीन वायू तयार होतो.

पुराचा अंदाज घ्यायला कोणी पाण्यात उतरत नाही

गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून सांगतात. पाणी गुडघ्याशी आहे, कमरेशी आहे की छातीपर्यंत पोहोचले आहे, हे काठावर उभे राहून कळते. रसायन सांडल्यावरचा अंदाजही असाच लांबून घ्यायचा असतो. ड्रमवरचे नाव वाचता येते का, वाफ दिसते का आणि तिचा रंग कोणता, फुस्स असा आवाज येतो आहे का, फरशीचा उतार कोणत्या बाजूला आहे, जवळ वेल्डिंग चालू आहे का, एवढे दुरूनही कळू शकते. डबक्याजवळ वाकून वास घेणे ही तपासणी नव्हे.

नाकावर भरवसा ठेवू नये, याला ठोस कारणे आहेत. सांडपाण्याच्या टाक्यांत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड कमी प्रमाणात असताना कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते, वायू गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. हायड्रोजन सायनाइडचा वास तर अनेकांना जन्मतःच येत नाही.

वाऱ्याची दिशा मात्र ताबडतोब पाहावी. वायू ज्या बाजूला चालला आहे त्याच बाजूला पळत राहिल्यास माणूस वायूबरोबरच पळतो, म्हणून आधी आडव्या दिशेने बाहेर पडून मग वारा जिकडून येतो तिकडे जायचे असते. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने खड्डे, तळघर, केबलचे चर अशा खोलगट जागी साचतो. थिनरची वाफही जमिनीलगत सरपटते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचून तेथून पेट घेऊन मागे येऊ शकते. अशा वेळी त्या जागेतले दिवे लावू नयेत आणि बंदही करू नयेत, कारण बटणातली ठिणगी पुरेशी ठरते. वीज बाहेरच्या मुख्य स्विचवरून तोडावी. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, असे पुस्तकात असते आणि ते खरेही आहे, पण दाबाखालून सुटलेला अमोनिया इतका थंड असतो की पांढऱ्या धुक्याच्या रूपाने तो सुरुवातीला जमिनीलगतच पसरतो. त्या धुक्यातून वाट काढण्याचा प्रयत्न करू नये.

पाणी मारले की झाले, असे का नाही?

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी शंका आहे आणि तिच्यात तथ्य नाही असेही नाही, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

तीव्र सल्फ्युरिक ॲसिडवर पाणी पडले की प्रचंड उष्णता निर्माण होते. पाणी जागच्या जागी उकळते आणि ॲसिडचे शिंतोडे नळी धरणाऱ्याच्या तोंडावर येतात. अमोनियाचे उदाहरण याहून बोलके आहे. अमोनिया वायू पाण्यात अतिशय विरघळतो, एक लिटर पाणी शेकडो लिटर वायू शोषते, म्हणून हवेतला अमोनिया खाली बसवण्यासाठी अग्निशमन दल पाण्याचा बारीक फवारा वापरते आणि ते योग्यच असते. पण द्रव अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या डबक्यात नळाचे पाणी ओतले, तर ते पाणी कितीही गार वाटले तरी अमोनियाच्या दृष्टीने ते आधणच ठरते आणि एक लिटर द्रवाचे सुमारे ८५० लिटर वायूत रूपांतर होण्याची क्रिया एकदम वेग घेते. तेच पाणी, तोच अमोनिया. हवेतल्या वायूवर उपाय आणि जमिनीवरच्या द्रवावर अपाय.

वाहून गेलेले रसायन नाहीसे होत नाही, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. शेडमधली नाली बाहेरच्या गटाराला मिळते, गटार नाल्याला आणि नाला नासर्डी नदीला, म्हणजेच नंदिनीला. ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते. वाटेत ते ॲसिड कोणत्या सांडपाण्यात मिसळले आणि कोणत्या चेंबरवर कोण उभे होते, हे नळी मारणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून गळती झाल्यावर, जवळ जाणे सुरक्षित असेल तर, नालीच्या तोंडाशी वाळूचा बांध घालणे हे पुसण्याच्या आधीचे काम आहे.

प्लेटिंगच्या शेडमधली एक नाली

जस्ताच्या प्लेटिंगची एखादी जुनी लाइन डोळ्यांसमोर आणावी. ओळीने टाक्या आहेत: तेल काढण्यासाठी गरम कॉस्टिक, मग धुण्याचे पाणी, मग गंज काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड, पुन्हा पाणी, आणि पुढे प्लेटिंगची टाकी, जिच्यात जुन्या पद्धतीनुसार सोडियम सायनाइडचे द्रावण असते. जिग, म्हणजे वस्तू टांगलेली चौकट, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना ठिबकतोच, आणि ते ठिबकणे वाहून नेण्यासाठी टाक्यांच्या पायथ्याशी एकच उघडी नाली असते. रोजच्या कामात या सोयीचे कोणाला काही वाटत नाही. मात्र ॲसिडच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळू लागला आणि ते ॲसिड त्याच नालीतून सायनाइडच्या टाकीखाली साचलेल्या द्रावणात पोहोचले, तर हायड्रोजन सायनाइड तयार होतो, जो काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. येथे कोणी हलगर्जीपणा केलेला नसेल. जमिनीचा उतार आणि नालीची जागा ठरवणाऱ्याने कित्येक वर्षांपूर्वीच हा अपघात आखून ठेवलेला असतो. ॲसिडची आणि सायनाइडची नाली, सांडपाणी जमा होण्याचा खड्डा आणि साठवणीची खोली वेगवेगळी असलीच पाहिजे. ज्या शेडमध्ये ती एक आहे तेथे बाकीच्या प्रशिक्षणाला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढेसेच तर सांडले आहे

प्रत्येक थेंबासाठी अग्निशमन दलाला बोलवा, असे कोणीही म्हणत नाही. प्रश्न असा, की एवढेसे म्हणजे किती? लिटरमध्ये याचे उत्तर देता येत नाही. बंद खोलीत फुटलेली नायट्रिक ॲसिडची एक लिटरची बाटली ही उघड्या अंगणात सांडलेल्या वीस लिटर कटिंग ऑइलपेक्षा कितीतरी गंभीर बाब आहे. सांडलेल्या पदार्थाचे नाव नक्की माहीत आहे, वाफ किंवा धूर दिसत नाही, आग लागण्याजोगे जवळ काही नाही, हवा खेळती आहे, आणि साफ करणाऱ्याला त्याचे प्रशिक्षण व योग्य साधन दोन्ही मिळालेले आहे, तरच सफाई कारखान्यातल्या माणसांनी करावी. यांतल्या एकाही गोष्टीविषयी शंका असेल तर बाहेर पडून ११२ किंवा १०१ क्रमांकावर कळवावे.

प्रत्यक्ष सफाईत कोरडी वाळू किंवा रसायन शोषणारा खनिज भुसा बाहेरच्या कडेने टाकत आत यायचे असते, म्हणजे डबके पसरत नाही. लाकडाचा भुसा आणि कॉटन वेस्ट सहज हाताशी असतात, म्हणून तेच टाकले जातात, पण नायट्रिक किंवा क्रोमिक ॲसिडवर ते पेट घेऊ शकतात आणि नायट्रिकमधून विषारी तपकिरी धूर निघतो. थोड्या हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिडवर सोडा ॲश, म्हणजे धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड, कडेपासून थोडी थोडी भुरभुरावी. फेस यायचा थांबेपर्यंत थांबावे आणि मग आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीने खात्री करावी. घाईने पोतेभर सोडा ओतल्यास फेसाबरोबर ॲसिड उडते. जमा केलेला लगदा प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरावा, त्यावर नाव व तारीख लिहावी आणि वायू निघणे पूर्ण थांबेपर्यंत झाकण गच्च आवळू नये. तो लगदा घातक कचरा ठरतो. २०१६ च्या नियमांनुसार तो अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच जातो, घंटागाडीत नाही.

मास्क आहे की

कोविडनंतर प्रत्येक कारखान्यात मास्क आहेत. कापडी मास्क आणि एन-९५ हे दोन्ही कण अडवतात. वायू त्यांतून सरळ आत जातो. वायूसाठी कॅनिस्टर, म्हणजे रसायन शोषणारा डबा जोडलेला मास्क लागतो, आणि तो डबाही वायूनुसार वेगळा असतो. अमोनियाचा डबा द्रावकाच्या वाफेला चालेलच असे नाही. त्याची मुदत संपते, आणि हवेत प्राणवायूच कमी असेल तर असा कोणताही मास्क निरुपयोगी ठरतो. तेथे पाठीवर हवेचे सिलिंडर असलेला श्वसनसंचच हवा. हातमोज्यांचेही तसेच आहे: नायट्राइलचे मोजे तेलाला आणि सौम्य ॲसिडला चांगले टिकतात, पण ॲसिटोन त्यांतून लवकर आत झिरपते, आणि सुती मोजे तर रसायन धरून ठेवून हाताला चिकटवतात.

साथीदार आत पडला आहे, आणि मी बाहेर उभा राहू?

या प्रश्नापुढे सगळे नियम कोरडे वाटतात, हे मान्य आहे. तरीही अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे: टाकी, मॅनहोल अशा बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. सांडपाण्याच्या टाकीत किंवा वाइनरीच्या किण्वन टाकीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पहिला माणूस ज्या कारणाने पडला, ते कारण दुसऱ्यासाठी तसेच तेथे असते. आत जाणाऱ्याने श्वसनसंच घातलेला असावा, कमरेला दोर असावा आणि दोराचे दुसरे टोक धरणारा बाहेर असावा. हे नसेल तर बाहेरून पंख्याने ताजी हवा सोडणे, गळतीचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करणे, दोर किंवा आकडा टाकून ओढता येते का ते पाहणे आणि मदत मागवणे, एवढेच खरोखर उपयोगाचे असते. ज्वलनशील वाफ असेल तर साधा विजेचा पंखाही चालत नाही.

अंगावर उडाले तर

येथे मात्र क्षणाचाही विलंब करायचा नाही आणि येथे पाणी हाच उपाय आहे. आधी कोरडी पूड असेल तर ती झटकावी, भिजलेले कपडे अंगावरून उतरवावेत आणि वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे राहावे. कॉस्टिक असेल तर त्याहूनही अधिक. डोळ्यांत गेले असल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ धुवावेत, कारण वेदनेमुळे माणूस डोळे मिटून घेतो आणि पाणी आत पोहोचतच नाही. हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. ॲसिडवर सोडा चोळू नये, त्या क्रियेतल्या उष्णतेने आणखी भाजते. आपत्कालीन शॉवर दहा सेकंदांत गाठता येईल इतका जवळ असावा, असे मानले जाते. नाशिकच्या मे महिन्यात पत्र्यावरून गेलेल्या उघड्या पाइपातले पाणी चटका देण्याइतके तापते, आणि पाणी कढत लागले की माणूस दोन मिनिटांत बाहेर येतो. म्हणून शॉवरचा पाइप सावलीतून न्यावा किंवा त्याला आवरण घालावे.

दोन फसवे प्रकार लक्षात ठेवावेत. पिकलिंग पेस्टमधल्या सौम्य हायड्रोफ्लोरिक ॲसिडने सुरुवातीला फारसे दुखत नाही. काही तासांनी आतून तीव्र वेदना सुरू होतात, कारण ते शरीरातल्या कॅल्शियमला धरते. त्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल शेडमध्येच ठेवावे लागते. नायट्रिकचा तपकिरी धूर श्वासात गेलेला माणूस तासाभराने ठीक वाटतो, स्वतः स्कूटर चालवत घरी जातो आणि रात्री त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. अशा माणसाला बरे वाटत असले तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले पाहिजे. १०८ ची रुग्णवाहिका येईल तेव्हा रुग्णाबरोबर रसायनाच्या लेबलचा फोटोही द्यावा, कारण नावाशिवाय डॉक्टरला अंदाजाने उपचार करावे लागतात.

नाव कळायचे कसे?

प्रत्येक घातक रसायनाबरोबर पुरवठादार सुरक्षा माहितीपत्रक देतो, ज्याला कारखान्यात एमएसडीएस म्हणतात. आता रूढ असलेल्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात त्याचे १६ भाग असतात; चौथा भाग प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा आणि सहावा गळतीचा. अडचण अशी, की ते इंग्रजीत असते आणि ऑफिसातल्या फाइलमध्ये असते, तर रसायन शेडमध्ये असते आणि तेथे रात्रपाळीला मराठी किंवा हिंदी वाचणारा माणूस असतो. या तीन भागांचा सार अर्ध्या पानात मराठीत लिहून टाकीशेजारी लावणे हे एका दुपारचे काम आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थिनर किंवा ॲसिड काढून ठेवण्याची पद्धत मात्र पूर्णपणे बंद व्हावी. तेथे माहितीपत्रकही काही करू शकत नाही. रस्त्यावरच्या टँकरवर चार आकडी क्रमांक असतो, उदाहरणार्थ अमोनियाचा १००५ आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १७८९. मदत मागताना तो क्रमांक दुरून वाचून सांगितला तर येणारे पथक तयारीनिशी येते.

हे सगळे मोठ्या कंपन्यांसाठी, आमचे तर वीसच कामगार

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळची वायुगळती घडली आणि त्यानंतर कायदा बदलला. कारखाने कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने रसायनांचे धोके कामगारांना सांगणे मालकावर बंधनकारक झाले आणि जिवाला तातडीचा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी गळतीचा आराखडा मागितला आणि १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणला. यांतल्या आराखड्याच्या अटी साठ्याच्या प्रमाणावर अवलंबून असल्याने लहान शेड बहुधा त्या कक्षेबाहेर राहते. कागदावर ती सुटते; ॲसिडला मात्र साठ्याची मर्यादा ठाऊक नसते.

खर्चाची अडचण खरी आहे, पण ती सरसकट नाही. वाळूच्या बादल्या, सोडा ॲश, पीएच पट्ट्या, प्लॅस्टिकचे फावडे, रिकामा ड्रम, गॉगल, गमबूट आणि योग्य हातमोजे यांना फार पैसे लागत नाहीत, फक्त ते रसायनाच्या खोलीत नव्हे तर तिच्या दाराबाहेर ठेवावे लागतात, कारण गळती आत झाली की आतले काही हाती येत नाही. महाग असतो तो श्वसनसंच आणि त्याचे प्रशिक्षण. अंबडमध्ये भिंतीला भिंत लागून असलेल्या पाचसहा शेडनी मिळून दोन संच घेणे शक्य आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि अग्निशमन दल यांच्याकडे त्याविषयी मार्गदर्शन मागता येते. मात्र सिलिंडरचा दाब दर महिन्याला कोण तपासणार, संच घालून आत जाण्याचा सराव कोणी केलेला आहे आणि रात्रपाळीत त्या कपाटाची किल्ली कोणत्या शेडमध्ये राहणार, हे संच विकत घेतला त्याच दिवशी नावानिशी लिहून कपाटावर चिकटवावे लागेल.